कयाकवरची मासेमारी स्पर्धा: मासा मोजायचा कसा, निकाल द्यायचा कसा

पूर्व विदर्भात पाण्याला तोटा नाही. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, गावोगावच्या बोड्या म्हणजे लहान तळी, इटियाडोह, गोसीखुर्द, चंद्रपूरकडं घोडाझरी, असोलामेंढा. डोंग्यातून जाळं टाकणारे ढिवर बांधव इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्लॅस्टिकच्या कयाकवर, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या निमुळत्या होडीवर, बसून गळ टाकणारे मात्र अजून मोजकेच. त्यातले आठ-दहा जण एका रविवारी एकत्र आले की स्पर्धा ठरते, आणि स्पर्धा ठरली की कुणाच्या तरी गळ्यात पंचाची माळ पडते. हे टिपण त्या पंचासाठी आहे, आणि पहिल्यांदाच भाग घेणाऱ्यासाठीही. मासा पकडायचं ज्याचं त्याला येतंच. तो मोजायचा कसा आणि निकाल कसा लावायचा, इथं गाडी अडते.

मैत्रीतल्या स्पर्धेत भांडण माशावरून होत नाही, न ठरवलेल्या नियमावरून होतं. म्हणून खालचं बरंचसं काम आदल्या दिवशीचं आहे.

वजन नको, लांबी घ्या

बाजारात मासा किलोवर विकला जातो, त्यामुळं नव्या माणसाला वाटतं की काटा आणला की झालं. पण कयाक पाण्यावर सतत हलते, आणि हलत्या बोटीत टांगलेल्या काट्याचा आकडा स्थिर राहत नाही. काठावर आणून तोलायचं म्हटलं तर मासा बादलीत तासभर कोंडावा लागतो, तो बहुधा मरतो. शिवाय काट्याला कल्ल्यात अडकवून टांगलेला मासा परत पाण्यात सोडला तरी त्याचं काही खरं नसतं.

म्हणून कयाकच्या बऱ्याच स्पर्धांत एक पद्धत रुळली आहे: पट्टीवर मासा ठेवायचा, फोटो काढायचा, मासा सोडून द्यायचा. अमेरिकेत बास माशाच्या कयाक स्पर्धा अशाच होतात. तिथं लांबी पाव इंचापर्यंत वाचतात, मधे पडली तर खालचा आकडा धरतात आणि सहसा सर्वांत लांब पाच माशांची बेरीज करतात. आपल्याकडं बास नाही आणि इंचही नको. पद्धत घ्या, आकडे आपले ठेवा.

एक आक्षेप हमखास येतो. "माझी कटला जाडजूड होती, त्याची रोहू काडीसारखी, तरी तोच पुढं?" आक्षेप खोटा नाही. एकाच जातीचा मासा लांबीला दुप्पट झाला तर वजनाला साधारण आठपट होतो, त्यामुळं लांबीच्या हिशेबात मोठ्या माशाचं माप थोडं मारलं जातं. पण हा तोटा सगळ्यांना सारखाच आहे. हलत्या काट्याचा तसा नसतो.

पाणी कुणाचं, ते आधी विचारा

तलाव ग्रामपंचायतीचा असो, जिल्हा परिषदेचा असो की जलसंपदा विभागाचा, मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं. त्यांना न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरणं. संस्थेच्या अध्यक्षांना भेटा, मासे सोडून देणार हे सांगा, जाळी कुठं लागलेली आहेत ते विचारा आणि परवानगी लेखी घ्या. व्याघ्र प्रकल्प, राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य यांच्या हद्दीतलं पाणी यादीतूनच काढून टाका.

माझं मत विचाराल तर संस्थेतल्या एखाद्या जाणत्या ढिवर काकांनाच पंच म्हणून बसवा. रोहू आणि मिरगल यांच्यातला फरक ते ज्या नजरेनं सांगतात, तो मोबाइलवर शोधून सापडत नाही. डोंगा आणि डोंगा चालवणारा माणूसही तिथंच मिळतो. सुरक्षेसाठी एक डोंगा पाण्यात हवाच. रोजी ठरवून द्या, फुकट राबवू नका.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला धरा. पावसाळ्यात रोहू, कटला, मिरगल अंड्यावर असतात, त्या काळात त्यांना छेडायचं नाही. उन्हाळ्यात पाणी तापतं आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. दमलेला मासा सोडल्यावर सावरेल की उलटा तरंगेल, हे बरंचसं यावर ठरतं. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, म्हणून सुटायची वेळ सूर्योदयाची नको. समोरचा काठ दिसायला लागला की सोडा.

पट्टी

सगळ्या स्पर्धेचा जीव या पट्टीत आहे. विकत मिळते, पण गावात सुतारही उत्तम करून देतो. सुमारे ९० सेंटिमीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर रुंद फळी घ्या, पाणी न पिणारी. एका टोकाला काटकोनात चार-पाच बोटं उंचीची भिंत ठोकायची. माशाचं तोंड या भिंतीला टेकणार. फळीवर आकडे असे हवेत की फोटोत वाचता येतील: प्रत्येक सेंटिमीटरची रेघ, अर्ध्याची त्याहून लहान रेघ, दर पाचवर मोठा आकडा.

शून्य भिंतीच्या आतल्या अंगालाच लागतं ना, हे पाहा. तयार चिकटपट्ट्यांत पुष्कळदा शून्याच्या आधी दोन-तीन मिलिमीटर कोरी जागा असते, ती कापायची राहिली की त्या पट्टीवरचा प्रत्येक मासा तेवढा लहान मोजला जातो. शिंप्याची टेप चिकटवू नका, ती ताणते. कागदी पट्टी भिजली की फुगते.

सगळ्या पट्ट्या एकाच सुताराकडून, एकाच दिवशी करून घेतल्या तर निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत. ज्यांची स्वतःची पट्टी आहे त्यांचीही सकाळी तपासणी करा. शाळेतली ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी भिंतीला टेकवून ठेवायची आणि स्पर्धकाच्या नावाच्या चिठ्ठीसह फोटो काढून ठेवायचा. स्टीलची पट्टीही टोकापासूनच सुरू होणारी घ्या, नाहीतर तपासणीच चुकते. ३० ची खूण ३० वर आली नाही तर ती पट्टी बाद. "दोन मिलिमीटरनं काय होते बाप्पा?" असं कुणी म्हणालं, तर तीन माशांत ते सहा मिलिमीटर होतात एवढं सांगा.

पट्टीला दोरी बांधून ती कयाकला अडकवा आणि खाली थर्माकोलचा तुकडा लावा. मासोळीनं उडी मारली की पट्टीही तिच्यासोबत जाते.

आदल्या संध्याकाळी ठरवायच्या गोष्टी

कागदावर लिहा, मोठ्यानं वाचा, प्रत्येकाची सही घ्या. मित्रांची सही कशाला, असं वाटेल. घ्याच.

किती मासे धरायचे? नव्यांच्या स्पर्धेत तीन पुरे. दिवसभरात कितीही पकडा, सर्वांत लांब तिघांची बेरीज. किमान लांबी २५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे बोटभर तिलापियांचे ढीगभर फोटो पंचाच्या माथी येत नाहीत.

कोणत्या जाती? रोहू, कटला, मिरगल, सायप्रिनस (कॉमन कार्प), तिलापिया, मरळ आणि शिंगाडा मासा एकाच बेरजेत चालतात. वाम मात्र बाहेर ठेवा. ती लांबच लांब आणि बारीक असते, एकच वाम पट्टीभर पसरून चांगल्या रोहूला मागं टाकते. शिवाय तिला पट्टीवर सरळ झोपवणं म्हणजे सर्कस. हवं तर तिला वेगळं बक्षीस द्या. मरळीलाही वेगळं बक्षीस असावं असं माझं म्हणणं, कारण बेशरमाच्या झुडपांत आणि कमळाच्या पानांत शिरून मरळ काढणं हा वेगळाच खेळ आहे. थाई मांगूर लागला तर तो मोजायचा नाही आणि पाण्यात परत सोडायचाही नाही. तो पाळायला देशात बंदी आहे, तलावातले बाकीचे मासे तो फस्त करतो. तो संस्थेच्या हवाली करा.

आकडा कसा धरायचा? अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत, आणि नेहमी खालचा. शेपटीचं टोक ४२ आणि ४२.५ च्या मधे कुठंही असलं तरी ४२. ४२.५ च्या रेघेला शिवलं तरच ४२.५. जवळचा आकडा धरायला गेलात की प्रत्येक फोटोवर चर्चा होते.

शेपटी कशी? रोहू-कटलाची शेपटी दुभंगलेली असते. दोन्ही पाती चिमटीत एकत्र दाबली की लांबी थोडी वाढते. दाबून मोजणं चूक नाही, पण कयाकवर एका हातात मोबाइल असतो आणि दुसऱ्या हातानं मासा आवरायचा असतो. तिसरा हात कुठून आणणार? म्हणून शेपटी आपोआप पडेल तशी, लांब पात्याच्या टोकापर्यंत. मरळीची शेपटी गोल असते, तिथं प्रश्नच नाही. शिंगाड्याच्या मिशा मोजायच्या नाहीत आणि शेपटीच्या वरच्या पात्याला दोऱ्यासारखं टोक असेल तर तेही नाही. जिथं पातं संपतं तिथं आकडा संपला.

बरोबरी झाली तर? आधी सर्वांत लांब मासा ज्याचा तो पुढं. तोही सारखा असेल तर दुसरा मासा, मग तिसरा. तरीही सारखंच असेल तर ज्यानं तिसरा मासा आधी पकडला तो. समजा एकाकडं ४६.५ ची रोहू, ४१ ची कटला, ३८ ची मरळ: बेरीज १२५.५. दुसऱ्याकडं ५२ ची रोहू, ३९.५ ची मरळ, ३४ चा मिरगल: तीही १२५.५. दुसरा जिंकला.

उशीर झाला तर? परतीची वेळ टळल्यावर दर मिनिटाला बेरजेतून एक सेंटिमीटर वजा, १५ मिनिटांनंतर शून्य. हा नियम कडक वाटतो, पण शेवटच्या घटकेला माणूस वाऱ्यात दूर जातो तो यानं थांबतो.

पाण्यात: मासा लागल्यापासून सुटेपर्यंत

इथं क्रम महत्त्वाचा आहे, आणि नवे लोक नेमका तोच उलटा करतात. मासा कयाकमध्ये घेतात आणि मग मोबाइल शोधतात.

मासा थकून जवळ आला की जाळीत घ्या, पण जाळी पाण्यातच राहू द्या. मासा पाण्यात निवांत असताना पट्टी मांडीवर घ्या, तिच्यावर पाणी ओता, चिठ्ठी (पंचानं सकाळी सांगितलेल्या शब्दाचं कार्ड, ते पुढं येतंच) लावा, मोबाइलचा कॅमेरा उघडा. पट्टी ओली करणं विसरू नका. उन्हात तापलेल्या कोरड्या फळीवर माशाची अंगावरची बुळबुळीत साय निघून जाते आणि नंतर त्याला रोग धरतो. हात ओले असावेत, कापडानं धरू नका.

मग मासा वर घ्या आणि गळ काढा. गळ तोंडात असेल तर तोंड मिटत नाही आणि आकडा कापला जातो. गळाचा उलटा काटा सकाळीच पकडीनं दाबून ठेवलेला असेल तर हे काम क्षणाचं. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, तंगूस (गळाची दोरी) तोंडाजवळ कापा आणि पंचांना तसं सांगा; अशा फोटोत मासा बाद धरायचा नाही.

मरळीचे दात धारदार असतात, बोट तोंडात घालू नका. शिंगाड्याला पाठीवर आणि कल्ल्यांमागं काटे असतात, त्यांच्या मागच्या बाजूनं पकडा. मासा डावीकडं तोंड करून भिंतीला टेकवा, त्याच्या डोळ्यावर क्षणभर ओला तळवा ठेवा, बहुतेक मासे शांत होतात. मरळ होत नाही. तिच्यासाठी फळी दोन्ही गुडघ्यांच्या मधे, खोलगट जागेत धरा.

फोटो काढा, लागलीच दुसरा काढा, आणि मासा पाण्यात सरळ धरून शेपटी हलेपर्यंत थांबा. पाण्याबाहेरचा सगळा वेळ अर्ध्या मिनिटात बसला पाहिजे. मरळ हवेतून श्वास घेते म्हणून ती जास्त तग धरते, रोहू-कटलाला ती सवलत नाही.

फोटो कसा असावा

पंच मासा पाहत नाही, फोटो पाहतो. जे फोटोत नाही ते झालंच नाही.

पूर्ण मासा दिसला पाहिजे, नाकापासून शेपटीपर्यंत. तोंड मिटलेलं आणि भिंतीला टेकलेलं. कटला आणि मरळ यांचा खालचा जबडा पुढं असतो, तेव्हा टेकायचा तो जबडा. हात असला तरी चालेल, पण भिंत, कल्ल्याची झाकणी आणि शेपटीचं टोक झाकता कामा नये. आकडे वाचता आले पाहिजेत. चिठ्ठी दिसली पाहिजे.

चिठ्ठीचं गुपित असं: पंच सुटायच्या पाच मिनिटं आधी एक शब्द आणि अंक जाहीर करतो, उदाहरणार्थ "पळस १७". प्रत्येकानं तो त्याच वेळी प्लॅस्टिकच्या कार्डावर जाड पेनानं लिहायचा. यामुळं कालचा मासा आज चालत नाही.

कॅमेरा माशाच्या बरोबर वर धरा. हे सांगून कंटाळा येतो, पण सर्वाधिक सेंटिमीटर इथंच हरवतात किंवा फुकटात मिळतात. माशाच्या अंगाच्या जाडीमुळं शेपटी फळीपासून जवळजवळ एक सेंटिमीटर वर उचललेली असते. कॅमेरा ३० अंश तिरका झाला तर शेपटीचं टोक सुमारे सहा मिलिमीटर सरकलेलं दिसतं. म्हणजे अर्धा सेंटिमीटर गेला किंवा आला. शेपटी बोटानं हलकेच फळीला टेकवा आणि मोबाइल तिच्या डोक्यावर आणा.

मोबाइल गळ्यात दोरीनं अडकवलेला ठेवा. पाणीरोधक पिशवीच्या आतून वाफ धरते, तेव्हा फोटो काढल्यावर एकदा मोठा करून पाहा. मासा हातात असेपर्यंतच दुसरा फोटो काढता येतो.

पंचाचं टेबल

पाण्यातून सगळे परत आल्याशिवाय एकही फोटो उघडू नका. सकाळी प्रत्येकाला नंबरचा बिल्ला द्यायचा, आल्यावर तो खिळ्याला टांगायचा. एक खिळा रिकामा असेल तर आधी डोंगा पाठवा, निकाल नंतर. लाइफ जॅकेट न घातलेला माणूस दिसला तर त्याची बेरीज शून्य, यात मैत्री नाही.

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे मागवू नका. तसे पाठवलेले फोटो दाबले जातात, रेघा पुसट होतात आणि फोटो केव्हा काढला ही नोंदही निघून जाते. पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गावाबाहेरच्या तलावावर रेंज असेलच असं नाही, तेव्हा लॅपटॉप आणि वायर सोबत ठेवा, मूळ फोटो त्यावर उतरवा.

दोन पंच, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आकडे लिहायचे, एकमेकांना न दाखवता. जुळले तर पुढं. न जुळले तर तिसऱ्यानं पाहायचं आणि तो जे म्हणेल ते अंतिम. पंचानं स्वतः स्पर्धेत असू नये; छोट्या मेळाव्यात माणसंच कमी असतील तर आपल्या आणि आपल्या भावाच्या फोटोंवरून त्यानं उठावं.

मी वापरतो ती कपात अशी. तोंड उघडं पण भिंतीला टेकलेलं: एक सेंटिमीटर वजा. तोंड आणि भिंत यांच्यात फट: फट कितीही असो, फोटो बाद, कारण मासा भिंतीपासून दूर सरकवला की आकडा वाढतोच. शेपटीचं टोक बोटाखाली: जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंतचा आकडा. "का गा भाऊ, शेपटी तं पुढं आहेच ना!" असेल, पण दिसत नाही. चिठ्ठी नाही: बाद. चिठ्ठी आहे पण अर्धी झाकली: दुसऱ्या फोटोत तोच मासा आणि पूर्ण चिठ्ठी असेल तर चालवून घ्या.

एकच मासा दोनदा तर आलेला नाही ना, हे पाहायला तिन्ही फोटो शेजारी ठेवा. लांबी अर्ध्या-एक सेंटिमीटरनं जुळणारे दोन मासे दिसले की थांबा. परांची फाटलेली कड, गळालेला खवला, कल्ल्यावरचा डाग ताडून पाहा. मरळीच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके तर प्रत्येकीचे निराळे असतात. वेळेची नोंदही बघा. दोन मिनिटांच्या अंतरानं सारख्या लांबीच्या दोन रोहू लागू शकतात, पण दोघींचा पर एकाच जागी फाटलेला नसतो.

जात ओळखताना घाई नको. कटलाचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. रोहूचे पर लालसर, ओठ झालरीसारखे. मिरगल सडपातळ, रुपेरी, नाकाचं टोक बोथट. एकच बेरीज असेल तर जात चुकली तरी निकाल बदलत नाही. पण मरळीचं बक्षीस वेगळं असेल तर ती मरळच आहे ना, हे काकांना दाखवा.

निकाल आणि हरकती

कच्चा निकाल भिंतीवर लावा, प्रत्येक माशाचा आकडा वेगळा लिहून, नुसती बेरीज नको. त्यानंतर अर्धा तास हरकतीचा. हरकत तोंडी नाही, कागदावर, आणि कोणत्या फोटोबद्दल ते लिहून. पंचानं तो फोटो सगळ्यांसमोर लॅपटॉपवर मोठा करून दाखवायचा आणि नियम वाचून दाखवायचा. नियमात नसलेली गोष्ट निघाली, आणि ती निघतेच, तर यंदा स्पर्धकाच्या बाजूनं निर्णय द्या आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर तो नियम लिहा. अर्धा तास संपला की निकाल पक्का. रात्री दोन वाजता ग्रुपवर आलेल्या हरकतीला उत्तर नाही.

बक्षीस लहान ठेवा. पाच किलो चिन्नोर तांदूळ, एखादी चांगली रीळ, गळांचा डबा. रोख रकमेचा आकडा वाढला की माणसं फोटोशी खेळू लागतात आणि मग पंचाला पोलीस व्हावं लागतं.

सगळ्या माशांची यादी, म्हणजे जात, लांबी आणि तलावाचा कोणता भाग, नीट उतरवून दुसऱ्या दिवशी मच्छीमार संस्थेला नेऊन द्या. बेरजेत न धरलेले मासेही त्यात लिहा. कोणत्या जातीची वाढ कशी आहे, हे त्यांना जाळं न टाकता कळतं आणि पुढच्या वर्षी परवानगी मागायला जाताना तुमचा हात रिकामा राहत नाही.